डावा पाटा

वजिराबादच्या चौकात सिग्नल लाल झाला, मृत्युंजयनं गाडी थांबवली, आणि चौक नेहमीसारखा तिच्याकडं बघायला लागला. लाल रंग, टप काढलेलं, दोनच सिटं, बोनेट एवढं लांब की आधी गाडी येते आणि मग कधीतरी माणूस. अशी चीज नांदेडात सकाळी साडेनऊला उभी राहिली तर ऑटोवालेसुद्धा हॉर्न विसरतात, याची त्याला पंचेचाळीस वर्षांची सवय होती. किती देते, असं एकानं विचारलंच. त्यानं ठरलेलं उत्तर दिलं, की देत काही नाही, घेतेच. मग छत्रीखालचा वाहतूक पोलीस दोन पावलं पुढं आला. कोवळा होता, मिशी अजून ठरायची होती. तो डाव्या बाजूनं वाकला आणि घरातल्या माणसाशी बोलावं तसं म्हणाला, "काका, आजोबांचा हात आत घ्या. ऑटोवाले घासून जातेत." मृत्युंजय म्हणाला, "घेतो." सिग्नल हिरवा झाला. पहिला गियर, दुसरा, मागचे हॉर्न, कडेचा फळगाडा. गोदावरीच्या पुलावर वारा टोपीत शिरला, तेव्हा कुठं त्याच्या ध्यानात आलं, की आपण 'घेतो' म्हणालो. डाव्या सीटवर कुणी नव्हतं.

पोराचे डोळे उन्हानं दिपले असतील, हे त्यानं पूल संपायच्या आत स्वतःला सांगितलं. सांगणं हा त्याचा जुना धंदा होता; जुन्या मोंढ्यातल्या त्याच्या मोटारपार्टच्या दुकानात लोक बेअरिंग घ्यायला येत आणि गोष्ट घेऊन जात. पण स्वतःला सांगितलेली गोष्ट काही केल्या उभी राहीना. मान न वळवता त्यानं डोळ्याच्या कोपऱ्यातून डावीकडं पाहिलं. तपकिरी चामडं, त्याला नदीच्या गाळाला पडतात तसल्या भेगा. वर एक फाइल, रबर लावलेली, तिच्यात गाडीची कागदं. फाइलीला हात नसतो. ती कागदं आज दुपारी चारला लातूरला महांतेशच्या हातात द्यायची होती. हा महांतेश बिदरचा हॉटेलवाला. नव्या हॉटेलाच्या दारात काचेची खोली बांधून तीत गाडी ठेवणार होता, खालून दिवे सोडून. सौदा मृत्युंजयच्या लेकीनं, मंजुषानं जमवला होता. ती लातूरला नांदते, शाळेत शिकवते, आणि बापाला गेल्या वर्षात दोनदा चक्कर आली हे तिनं वहीत लिहून ठेवल्यासारखं लक्षात ठेवलंय. ट्रकवर घालून पाठवा म्हणाली होती. तो म्हणाला, शेवटचं तरी मला चालवू दे. काचेच्या खोलीचं त्याला तेव्हा काही वाटलं नव्हतं. उलट बरं वाटलं होतं, धूळ बसायची नाही. आता, सिडकोच्या चढावर, त्याला ती खोली दिसली: खालून दिवे, आत लाल गाडी, लोक चहा पीत बघतायत, आणि डाव्या सीटवरचा माणूस आतून त्यांच्याकडं बघतोय, कायमचा.

गाड्यांचं वेड त्याला हातातून लागलं, डोळ्यातून नव्हे. आठ वर्षांचा असताना लातूरच्या मोंढ्यात एक म्हातारे साहेब आले होते, निजामाच्या राज्यात मोठ्या हुद्द्यावर असलेले, उरलेलं सगळं विकून एक गाडी तेवढी राखलेले. रुपेरी, दोन सिटांची. अप्पांच्या आडतीच्या दुकानासमोर ती उभी राहिली, तुरीच्या पोत्यांमध्ये, लग्नाच्या पंगतीत हरीण येऊन बसावं तशी. त्यानं जाऊन बोनेटवर तळहात ठेवला. दुपारचं ऊन आणि आतलं इंजिन, दोन्हीकडून तापलेला पत्रा. हात भाजला. पण त्यानं तो काढला नाही, आणि नंतर दोन दिवस मूठ मिटून हिंडला. आईला वाटलं काही चोरलंय. चोरलं होतंच, ती ऊब होती, आणि मूठ उघडली तर ती कुणीतरी परत मागेल असं त्याला वाटत होतं. अप्पांनी, म्हणजे त्याच्या वडिलांनी, शिवमूर्ती अप्पांनी, फक्त एवढं म्हटलं होतं, की पाय पोचत नाहीत तिथं माणसानं जाऊच कशाला. अप्पा पायी चालत. बैलगाडीत बसले तर पुढं गाडीवानाशेजारी, आणि उतारावर डावा हात बाहेर काढून, तळवा पालथा धरून, हवेला थोपटल्यासारखा वर-खाली करत. हळू. त्यांच्या तोंडात दिवसाकाठी वीस वेळा यायचा तो शब्द: दार हळू, बोलणं हळू, घास हळू.

त्या मुठीतून पुढं नऊ गाड्या निघाल्या. सिकंदराबादला एका कर्नलच्या विधवेकडून घेतलेली फिकट निळी, पुण्याच्या पारशानं रडत दिलेली हिरवी, एक तर इंजिनाशिवायच आणलेली, जी सात वर्षं फक्त ढकलली. लोक समजत याला पळवायचा नाद आहे. पळवणं हे निमित्त. खरं सुख दुपारी शेडमध्ये दार लावून नुसतं आत बसण्यात होतं. चामडं, पेट्रोल आणि जुन्या लोकरीचा वास, पत्र्याच्या फटीतून येणारी उन्हाची काडी, आणि हे सगळं आपलं आहे, आपण मेलो तरी काही काळ आपलंच राहील, ही छातीत भरत जाणारी गोड भीती. "नऊ सवती दिल्या देवानं," रत्नम्मा, त्याची बायको, पाहुण्यांना सांगायची, "पर एकीलाबी भाकर थापता येत न्हाई." एकेक करून आठ गेल्या. गाडी विकली की तो पंधरा दिवस जेवताना बोलत नसे, मग पुन्हा हसायला लागे. ही तेवढी राहिली. सत्तावन्न सालची विलायती ट्रायम्फ, दार कंबरेएवढंच, वरून कोयत्यानं कापल्यासारखं खोल, की बसणाऱ्याचं कोपर आपोआप बाहेर जावं. त्या दाराला बाहेरून मूठ नाही. आत हात घालून दोरी ओढावी लागते.

सोनखेड गेलं. लोहा येईपर्यंत त्यानं तीनदा ठरवलं, की पोलिसाच्या बोलण्याचा विचार करायचा नाही, आणि तिन्ही वेळा ते ठरवण्यासाठी त्याचाच विचार करावा लागला. आणि मग लोह्याच्या फाट्यावर, जिथं पूर्वी जकातनाका होता, तिथं त्याच्या ओठांवर ती गोष्ट आपोआप आली. चव्वेचाळीस वर्षं त्यानं ती सांगितली होती. दुकानात, लग्नात, एसटीत, एकदा तर दवाखान्यात सलाईन लावलेली असताना. गोष्ट अशी, की एक्याऐंशीच्या मे महिन्यात अप्पा त्याच्याकडं नांदेडला आले होते, आठ दिवस दम लागत होता, आणि एका सकाळी डॉक्टरनं नाडी धरून मान हलवली. आता, आपल्यात, लिंगायतांत, माणसाला आडवं नेत नाहीत. बसवून नेतात, बसवूनच समाधी देतात. डाव्या तळहातावर जन्मभर गळ्यात वागवलेलं इष्टलिंग, आणि बसलेला माणूस मातीत बसलेलाच राहतो. अंग ताठायच्या आत बसवायला पाहिजे, आणि समाधी द्यायची तर लातूरच्या रुद्रभूमीत, थोरल्यांच्या शेजारी. जीप मिळेना. मृत्युंजय म्हणाला, माझ्या गाडीत सीट आहे. मग बसवलं अप्पांना. कपाळाला भस्म, खांद्यावर शाल, उपरण्यानं सीटला बांधलेले. जन्मात पहिल्यांदा पोराच्या गाडीत बसले ते असे. टप उघडं. आणि रस्ताभर, गोष्टीत, लोक हात जोडत होते. लोह्याच्या नाक्यावरच्या कारकुनानं दोन माणसं म्हणून नोंद केली. अहमदपूरच्या मोंढ्यात निवृत्ती आडत्यानं गाडी अडवली, अप्पांना तुरीचा भाव विचारला, आणि खड्ड्यांनी हलायला लागलेला अप्पांचा हात अजून असा काही डुलत होता, की निवृत्तीनं होकार समजून तीस पोती बांधून टाकली. मेलेल्या माणसानं केलेला मराठवाड्यातला शेवटचा सौदा! इथं ऐकणारे पोट धरून हसत. मृत्युंजय स्वतः कधी हसला नाही. गोष्ट सांगणाऱ्यानं हसायचं नसतं, लोकांना तेच आवडे.

गोष्टीत नसलेल्या गोष्टी दोन-तीन होत्या. एक म्हणजे रस्ता. तो रस्ता त्याच महिन्यात नवा झाला होता. माळाकोळीचा माळ चढल्यावर डांबर असं काळं, असं सलग, की जणू कुणी त्याच्यासाठीच लांबच लांब पाट सोडलाय. ऊन होतं, डांबराला वास होता, आणि गाडी, जी नांदेडच्या गल्ल्यांत वर्षभर खोकत होती, ती तिथं एकदम मोकळी झाली. काटा पन्नासावर गेला, मग साठावर. साठ मैल. टायरांचा आवाज बदलला, वाऱ्यानं डोळ्यांतलं पाणी कानामागं नेलं, आणि त्याला, एकोणतीस वर्षांच्या मृत्युंजयला, छातीत असं काही भरून आलं, की त्यानं तोंड उघडून ओरडायचं तेवढं बाकी ठेवलं. बापाला मातीत ठेवायला निघालेला माणूस त्या मैलात जितका सुखी होता तितका आधी कधी नव्हता आणि नंतरही झाला नाही. आणि तेव्हाच डावीकडून कुणीतरी म्हणालं, "हळू."

त्यानं पाहिलं नाही. हे त्याला पक्कं आठवतं, बाकी सगळं गोष्टीनं खाऊन टाकलं तरी हे राहिलं: मान वळवायला एक क्षण लागला असता, आणि त्या क्षणासाठी पाय उचलावा लागला असता. वारा असेल. उपरण्याचं टोक फडफडत असेल. त्यानं पाय आणखी दाबला. लातूर येईपर्यंत त्यानं डावीकडं पाहिलंच नाही.

दुसरी गोष्ट लातूरची. दार खोल असल्यामुळं चौघांनी अप्पांना वरूनच उचललं, दार उघडलंही नाही. जंगमस्वामी पुढं झाले. डाव्या तळहातावर पांढरं फडकं बांधलेलं होतं. ते सैल, रिकामं लोंबत होतं. इष्टलिंग कुठंय म्हणून सगळे खाली वाकले. सीटखाली नव्हतं, मांडीत नव्हतं. ते उजव्या मुठीत होतं. इतकं घट्ट, की स्वामींना एकेक बोट उघडावं लागलं. स्वामींनी मृत्युंजयकडं एकदा पाहिलं, काही विचारलं नाही, लिंग पुन्हा डाव्या तळहातावर ठेवलं. अंग गरम होतं, पण मे महिना होता, लातूरचे दगडही गरम होते. एवढ्यात मागून एसटीनं आलेली बायामाणसं पोचली होती, आणि त्यांच्यात, पदर दातांत धरून, वर्षाभरापूर्वी लग्न होऊन आलेली रत्नम्मा उभी होती. फडकं तिनं बांधलं होतं.

सहाव्या दिवशी तिनं विचारलं. ताटात भाकरी वाढता वाढता, मान खाली. "डाव्या हातात बांधलं होतं मी." तो म्हणाला, रस्त्याला खड्डे किती, हलून हलून झालं असेल. ती भाकरी मोडत राहिली. मग म्हणाली, "मागून आलो की आम्ही एसटीनं. मला डुलकी लागली होती. रस्ता नवा हाय." एवढंच. चव्वेचाळीस वर्षांत हजार माणसांनी ती गोष्ट ऐकली, आणि त्यातले खड्डे खोटे आहेत हे त्या एकट्या बाईला कळलं. तिनं ते पुन्हा कधी काढलं नाही. फक्त गाडीत बसली नाही. बाकीच्या आठ गाड्यांत बसली, निळीतून तर माहूरला जाऊन आली. या एकीत नाही. कुणी विचारलं तर पदर सावरून म्हणायची, "मामंजी बसलेत तिथं. सुनंनं काय मांडीवर बसावं?" लोक हसायचे. मृत्युंजयनं तेही गोष्टीत घालून टाकलं, शेवटाला, आणि गोष्ट आणखी चालली.

गाडी मात्र हसत नव्हती. मुदखेडचा रामकिशन, रेल्वेतला जुना फिटर, रिटायर झाल्यावर फक्त याच्या गाड्यांना हात लावणारा, दर चार-पाच वर्षांनी खाली झोपून एकच बोलायचा: मागचा डावा पाटा बसला, मालक. लोखंडाच्या पट्ट्या एकावर एक बांधून केलेली ती कमान, तिच्यावर गाडीचं अंग झुलतं. दोन्हीकडं सारखा भार पडला तर दोन्ही सारख्या झिजाव्यात. रामकिशननं डावा पाटा तीनदा बदलला. तिसऱ्या वेळी तर सारखाच असावा म्हणून दोन्ही पाटे एकाच लोखंडाचे घडवून घातले. उजव्या बाजूला रोज मृत्युंजय बसतो, ऐंशी किलोचा. बसायला पाहिजे उजवा. वर्षभरात डावा बोटभर खाली. रामकिशन हात पुसत म्हणाला, "मी बुद्धाचा माणूस हाय मालक, भुताखेताचं मला सांगू नका. पर हितं कोण बसून राह्यलंय ते तुमी मला एकदा सांगा. वजन सांगा निदान. त्या हिशोबानं पाटा घालतो." मृत्युंजयनं ते हसून घालवलं. त्या रात्री त्यानं अप्पांचं वजन आठवायचा प्रयत्न केला. आठवेना. बाप किती जड होता हे पोराला कसं ठाऊक असणार, उचलणारे चौघं दुसरेच होते.

आणि रत्नम्मा. दोन वर्षांपूर्वी, शेवटी शेवटी, ती खिडकीशी बाजेवर पडलेली असायची, खिडकीतून शेड दिसायचं. बत्तीस किलोची झाली होती. मंजुषा तिला कुशीवर वळवायची ती एका हातानं. एका दुपारी त्यानं गाडी पुसायला बाहेर काढली होती. ती म्हणाली, चांगली दिसते. मग बऱ्याच वेळानं, जणू मधला वेळ गेलाच नाही अशी, म्हणाली, "मला बसायचं हाय तिच्यात. येते की मी. आधी मामंजींना उतरवा." चार दिवसांनी गेली. तिला लातूरला नेलं ते बंद गाडीतून, मंजुषानं कवेत धरून बसवून. तो मागून या गाडीतून गेला, एकटाच, डावी सीट मोकळी ठेवून. मोकळी म्हणजे आपली म्हणायची.

माळाकोळीचा माळ आला तेव्हा रस्ता आता चौपट रुंद, मधे दुभाजक, कडेला ढाबे. तो मैल कुठला हे ओळखायला काही खूण राहिली नव्हती. पण त्याच्या उजव्या पायाला ओळखू आला. पोटरीत एक गोळा आला, आणि त्या गोळ्याबरोबर ती जुनी, लाज वाटावी अशी खुशी, जशीच्या तशी, एका थेंबानं कमी न झालेली. मनात आलं, आज आपण बापाच्या वयाचे आहोत. त्र्याहत्तर. आरशात पाहिलं तर कपाळावरच्या भस्माखाली अप्पांचंच कपाळ. तर मग डावीकडं कोण? ते दोघं शेजारी शेजारी बसलेले, एकाच वयाचे, एकाच कपाळाचे, आणि मधे हँडब्रेक. आणि चार वाजता एकाला उतरायचं, एकाला काचेत जायचं. त्यानं डावीकडं पाहिलं नाही. चव्वेचाळीस वर्षांची सवय होती.

अहमदपूरला तो थांबला. ठरवलं नव्हतं, गाडी मोंढ्याच्या फाटकातून आत गेली. गोष्टीतला निवृत्ती आडत्या खराखुरा होता आणि अजून होता. अठ्ठ्याऐंशी वर्षांचा, शेडच्या सावलीत खुर्ची टाकून, डोळ्यांत नवी भिंगं बसवून घेतलेला, हातात सोयाबीनचे दाणे. आज सोडून दुसरा दिवस नव्हता. उद्या गाडी नाही, परवा निवृत्तीकाका नाहीत. त्याला ओळखताच म्हाताऱ्यानं भोवतालच्या हमालांना बोलावून ती गोष्टच सुरू केली. मृत्युंजयच्या तोंडून फिरून फिरून ती परत त्याच्याकडं आली होती, आणि वाटेत तीस पोत्यांची चाळीस झाली होती. हमाल हसले. मृत्युंजय ते पांगेपर्यंत थांबला. मग जवळ बसून म्हणाला, "काका, हे माझं रचलेलं झालं. तुमी काय बघितलं ते सांगा."

निवृत्तीनं दाणे खाली ठेवले. म्हातारा बराच वेळ गाडीकडं बघत होता, गाडीच्या डाव्या अंगाकडं. "गोष्टीपरीस कमी हाय ते," तो म्हणाला. "तू थांबलाच न्हाईस. मी फाटकात हुबा होतो, तू समोरून सूं करून गेलास. अप्पा हिकडच्या अंगाला होते. त्यांचा हात दाराबाहेर होता. आसा." आणि त्यानं आपला वाळका डावा हात पुढं केला, तळवा पालथा केला, आणि हवेला थोपटल्यासारखा सावकाश खाली आणला, वर नेला, पुन्हा खाली आणला. "उताराला करायचे न्हाई का बैलगाडीत, तसा. मी हसलो बी. म्हणलं, अप्पा पोराला हळू चालव म्हणून राह्यलेत, आन् पोरगं काय ऐकंना." मग तो म्हणाला, "दुसऱ्या दिशी कळलं अप्पा गेले म्हणून. मला वाटलं, लातूरला पोचून गेले असतील. तू गोष्ट सांगाय लागलास तवा कळलं, की तू मेलेलेच नेले होतेस. म्हणलं, आसंल. पोटच्या पोराला ठाऊक असणार." मृत्युंजयनं खाली ठेवलेले दाणे उचलून मुठीत धरले. आतून काही पडलंही नाही, फुटलंही नाही. एक खूप जुनं दार वाऱ्यानं इतकी वर्षं वाजत होतं, ते वाजायचं थांबलं, आणि त्या शांततेचीच भीती वाटली. लिंग खाली पडू नये म्हणून अप्पांनी आधी ते उजव्या हातात घेतलं. मग डावा हात मोकळा करून बाहेर काढला. एवढं सगळं शेजारी, वीतभर अंतरावर झालं, आणि गाडी चालवणाऱ्याला वाटत होतं की वारा आहे. निघताना निवृत्तीनं निरोपाला हात केला. तोही पालथाच.

तिथून पुढं त्यानं गाडी दुसऱ्या गियरच्या वर नेली नाही. ट्रॅक्टर पुढं गेले, उसाच्या ट्रॉल्या पुढं गेल्या, चाकूरजवळ एक सायकलवाला बराच वेळ बरोबरीनं चालला, डाव्या सीटकडं बघून त्यानं मान लववली आणि मग पुढं निघून गेला. इंजिन तापलं, त्याचा वास सुटला. मृत्युंजय बोलत होता की नुसता बोलायचा विचार करत होता हे त्याचं त्याला कळत नव्हतं. मला ऐकू आलं होतं, अप्पा. मी ऐकलं होतं. हे एवढंच वाक्य, चाकांच्या फेऱ्यात पुन्हा पुन्हा. डावीकडून उत्तर आलं नाही; पण कुणीतरी ऐकत असलं की शेजारची हवा जशी घट्ट होते तशी ती होती. मंजुषाचे फोन खिशात थरथरत होते. महांतेश मोठी गाडी घेऊन आला असेल, फळ्या लावून तयार असेल.

लातूर लागलं तेव्हा पाच वाजत आले होते. तिच्या घराकडं वळायच्या आधीच तो रुद्रभूमीच्या कुंपणाशी थांबला. आत ओळीनं समाध्या, ओट्याएवढ्या, काहींवर नंदी, काहींवर नुसती पिंडी. त्यांच्याखाली सगळे बसलेले आहेत हे लहानपणी त्याला फार आवडायचं. झोपलेल्या माणसांपेक्षा बसलेली माणसं सोबतीला बरी. तिसऱ्या ओळीत अप्पा. त्यांच्या पलीकडं, सून म्हणून हातभर अंतर राखून, रत्नम्मा. इंजिन बंद केलं. पत्रा निवताना टिक टिक वाजत राहिला. तो उतरला, लांब बोनेटला वळसा घालून डावीकडं आला, आणि चव्वेचाळीस वर्षांत पहिल्यांदा तिथं समोर उभा राहून पाहिलं. सीट, भेगा, फाइल. त्यानं फाइल उचलून काखेत धरली. मग दोरी ओढायला आत हात घातला. सीटवरून हात नेताना त्याच्या मनगटाला ऊब लागली, गुडघ्यांवर शाल असावी तशी. आठव्या वर्षी मूठ मिटून नेलेली ऊब ओळखावी तशी त्यानं ती ओळखली. हात काढला नाही. दोरी ओढली, दार उघडलं, आणि ते धरून, बाजूला सरकून, उभा राहिला.

"हळू," तो म्हणाला. "हळू, अप्पा. घाई न्हाई."

त्र्याहत्तर वर्षांच्या माणसाला खोल गाडीतून उतरायला जेवढा वेळ लागतो, तेवढा तो थांबला. हा वेळ त्याला नेमका ठाऊक होता. आधी एक पाय, मग दाराचा आधार, मग दम, मग दुसरा. खालून पाट्याची पट्टी पट्टीवर घासल्याचा कोरडा आवाज आला. गाडीचं डावं अंग बोटभर वर उचललं गेलं आणि तिथंच राहिलं. दोन्ही दिवे एका रेषेत आले. रामकिशन असता तर खाली झोपून बघितलं असतं त्यानं. कुंपणाच्या आत वाळलेल्या गवतावर कुणी चाललं असं म्हणण्यासारखं काही दिसलं नाही. मृत्युंजयनं दार लावलं नाही. तिसऱ्या ओळीकडं बघून, दुकानात गिऱ्हाईक गेल्यावर घरात हाक द्यावी तशा साध्या आवाजात, तो म्हणाला, "रत्नम्मा, उतरले बघ मामंजी." मग वाट पाहिली. चिमण्या कलकलत होत्या. फोन वाजून थांबला, पुन्हा वाजला. आणि पाटा, या वेळी आवाजसुद्धा न करता, तांदळाच्या दाण्याएवढा खाली आला. जास्त नाही. बत्तीस किलोला जेवढा यावा तेवढा.

त्यानं कुठं पदर अडकत नाही ना हे खाली वाकून पाहिलं आणि मग दार ओढून घेतलं. फोन उचलला. मंजुषा रडकुंडीला आली होती. कुठं आहात, पाहुणे तासाभरापासून बसलेत, चक्कर येऊन पडलात का काय कुठं. त्यानं सांगितलं, की महांतेशला चहा पाज आणि परत पाठव. गाडी द्यायची नाही. का, म्हणून तिनं विचारलं, आणि तो आयुष्यभर गोष्टी सांगणारा माणूस, पण त्याला त्या वेळी एकही सुचली नाही.

"तुझ्या आईला फिरायला न्यायचंय," तो म्हणाला.

 मंजुषाच्या घरातल्या पंख्याचा आवाज फोनमधून येत होता. मग हलक्या, वेगळ्याच आवाजात तिनं म्हटलं, "हळू चालवा, बाबा."

"हाव," तो म्हणाला.